'पोकेमॉन' मालिकेतल्या ॲश केचमचा प्रवास संपला. हा शेवट तुम्हाला पटला का?

पाऊलखुणा

परवा शुक्रवारी, २४ मार्च २०२३ ला, जपानमध्ये ॲशचा शेवटचा भाग दाखवला. १ एप्रिल १९९७ ला सुरू झालेली गोष्ट. अजून एक आठवडा गेला असता तर २६ वर्षं पुरी झाली असती. बाराशेच्या वर भाग. काल रात्री उपशीर्षकं वाचत मी तो शेवटचा भाग पाहिला आणि मग झोपच येईना. बायकोने विचारलं काय झालं, तर धड सांगताही येईना.

(पुढे शेवटच्या भागाबद्दल लिहिलंय. ज्यांना हिंदीत येईपर्यंत थांबायचंय त्यांनी इथेच थांबा.)

मधली वर्षं ज्यांची सुटली त्यांच्यासाठी थोडक्यात. मागच्या नोव्हेंबरात ॲश जगज्जेता झाला. (पोकेमॉन म्हणजे त्या जगातले अद्भुत प्राणी; मुलं ते पकडतात, सांभाळतात, त्यांच्या लढती लावतात.) शेवटच्या लढतीत ॲशच्या पिकाचूने तोवरच्या जगज्जेत्याच्या, लिऑनच्या, चारिझार्डला पाडलं. महिन्याभराने, १६ डिसेंबरला, जाहीर झालं की ॲश आणि पिकाचूची गोष्ट आता आवरती घेणार. निरोपाचे ११ भाग १३ जानेवारीपासून सुरू झाले. जुने सोबती मिस्टी आणि ब्रॉक परत आले, जुन्यासारखी तिघांची भटकंती झाली. आणि शेवटच्या भागात त्याचा जुना प्रतिस्पर्धी गॅरी त्याला विचारतो, पोकेमॉन मास्टर व्हायला तू आता किती जवळ आलास? ॲश विचार करतो आणि त्याला उमगतं की सगळ्या पोकेमॉनशी मैत्री करणं म्हणजेच मास्टर होणं. मग तो पुन्हा चालायला लागतो.

मला हे अर्धवट वाटलं. आम्ही इचलकरंजीला राहायचो, घराला लागूनच मागांचा कारखाना. त्या खडखडाटात आवाज पुरता वाढवून मी सहावीत हा कार्यक्रम बघायचो. तेव्हापासून हा मुलगा एकच सांगतोय, मला मास्टर व्हायचंय. आणि शेवटी झाला की नाही ते कुणी सांगतच नाही? इतकी वर्षं वाट पाहिलेल्या माणसाला एक सरळ उत्तर द्यायला काय हरकत होती?

तुम्हाला काय वाटलं? आणि तुमच्या आठवणीही लिहा. मला वाचायच्या आहेत.

---

वऱ्हाडी_ठेचा

शेवट अजून पाहिला नाही, तरी सगळं वाचलं. राहवलंच नाही.

आमच्याकडे अकोल्याला पोकेमॉन आणि भारनियमन यांची रोजची झटापट. वेळापत्रक दर आठवड्याला बदलायचं. ॲश आणि गॅरीची जोहटो लीगमधली लढत आठवते? ॲशचा चारिझार्ड, गॅरीचा ब्लास्टॉइज, सगळं मैदान तापून लाल झालेलं, आणि नेमका त्याच क्षणी पंखा मंदावत मंदावत थांबला. मी अंधारात टीव्हीसमोर तसाच बसून. आई म्हणाली, "ऊठ आता, लाइन काही तुझ्यासाठी परत येत नाही."

वर्गातला एकजण दुसऱ्या फीडरवर राहायचा, त्यांच्याकडे लाइट होती. निकाल सांगायचे त्याने माझ्याकडून दोन टॅझो घेतले, चिप्सच्या पाकिटात मिळायच्या त्या चित्रांच्या चकत्या. एक स्क्वर्टलचा होता. पण ॲश जिंकला हे ऐकल्यावर ते दोन टॅझो गेल्याचं काहीच वाटलं नाही.

---

शेवंती

टॅझो! चिप्सचं पाकीट फोडून आधी टॅझो काढायचा, तो फ्रॉकला पुसायचा आणि मगच चिप्स. माझ्याकडे जिग्लीपफ सात होते. कुणी बदलूनच घेईना.

---

स्पष्टोक्ती

मुळात "संपला" हा शब्दच मला पटत नाही. १४ एप्रिलपासून नवी मालिका येतेय, लिको आणि रॉय नावाची नवी मुलं घेऊन. गोष्ट चालूच आहे, नायक तेवढा बदलला.

आणि तो बदलायला उशीरच झाला असं माझं मत. नवा व्हिडिओ गेम आला की नवा प्रदेश, आणि ॲश पुन्हा पाटी कोरी करून पहिलीत. २०१० मध्ये युनोव्हाला गेला तेव्हाचं आठवा. झेक्रॉमच्या विजेमुळे पिकाचूची शक्ती गेली आणि ज्या ॲशने आधीच्याच लीगमध्ये उपांत्य फेरी गाठली, तो एका नवख्या पोराच्या स्नायवीसमोर हरला. मी तेव्हा कॉलेजात होतो. टीव्ही बंद केला तो बंदच. आपण मोठे होत गेलो आणि त्याला मुद्दाम दहा वर्षांचा ठेवला. अशा पात्राची दया येते, कौतुक नाही वाटत.

---

रानपाखरू

स्पष्टोक्ती, तुमचा राग समजतो. पण मला त्याचं दहा वर्षांचं राहणं कधी खटकलं नाही. का ते सांगते, जरा लांबण लागेल.

चारिझार्डची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. आधीच्या मालकाने भर पावसात खडकावर सोडून दिलेला चारमॅंडर. शेपटीची ज्योत विझली तर जीव जाणार. ॲश त्याला वाचवतो, तो इवलासा जीव त्याला बिलगतो, आणि मोठा झाल्यावर ॲशचं ऐकेनासाच होतो. लढाईत आडवा होऊन झोपतो. कँटो लीगमध्ये ॲश हरला तो ह्याच्याच हट्टामुळे. कितीतरी भाग हे असंच चालतं. मग ऑरेंज बेटांवर एका पॉलिरॅथने चारिझार्डला बर्फात गोठवलं आणि ॲश रात्रभर त्याच्याजवळ बसून हातांनी अंग चोळत राहिला. हात सोलवटले तरी चोळत राहिला. सकाळी चारिझार्ड उठला तो ॲशचा होऊन.

माझा दादा बारावीला नापास झाला त्या वर्षीची गोष्ट. घरात कुणाशी बोलायचा नाही. ताट घेऊन आतल्या खोलीत जायचा. बाबा ओरडायचे, आई रडायची, मी नववीत, मला दोन्हीची भीती वाटायची. तो भाग लागला तेव्हा दादा दारात उभा राहून बघत होता. मला कळलं होतं, पण मी मान वळवली नाही. वळवली असती तर तो निघून गेला असता. भाग संपल्यावर आत आला, माझा टॅझोंचा डबा उघडला, चारिझार्डचा टॅझो उचलला आणि म्हणाला, "हा मी घेऊ?"

आठ-दहा दिवसांत माझ्याशी बोललेलं त्याचं ते पहिलं वाक्य.

दादा आता नाशिकला स्वतःचं वर्कशॉप चालवतो. काल शेवटाची बातमी मीच त्याला पाठवली. त्याने उत्तर म्हणून फोटो पाठवला. टॅझो अजून आहे, गल्ल्याच्या काचेखाली.

---

शेवंती

रानपाखरू, वाचून डोळे भरून आले गं. दादाला सांग, माझ्याकडून नमस्कार.

---

जुनाखेळाडू

स्पष्टोक्तींना उत्तर द्यायचंय. ॲशच्या हरण्याबद्दल बोलताना नुसता युनोव्हा घेऊन चालणार नाही, सगळा हिशोब मांडा. कँटोत शेवटच्या सोळात. जोहटो आणि होएनला शेवटच्या आठात. सिनोला शेवटच्या चारात. युनोव्हाला परत आठात. कालोसला अंतिम सामना, आणि तोही हरला. मधे ऑरेंज बेटांवर जिंकला होता, पण ती मुख्य लीग धरत नाहीत. पहिली लीग जिंकली ती अलोलाची, सप्टेंबर २०१९ मध्ये. म्हणजे बावीस वर्षांनी! दुसऱ्या कुठल्या कार्टूनच्या नायकाला इतका वेळ हरवत ठेवलाय?

मी राज्य पातळीपर्यंत कबड्डी खेळलो. निवड चाचणीत चार वेळा बाहेर पडलो, पाचव्यांदा आत गेलो. म्हणून सिनो लीगची ती टोबायसची लढत मला कधी विसरता येत नाही. समोरच्याकडे डार्कराय. तोवर त्या डार्करायला कुणीच पाडलं नव्हतं. ॲशच्या सेप्टाइलने पाडलं. सगळं स्टेडियम उभं राहिलं. आणि टोबायसने पुढचा काढला तो लॅटिऑस! पिकाचूने त्यालाही पाडलं, पण स्वतःही त्याच्याबरोबर पडला. हरला ॲशच. पण मैदानातून बाहेर येताना त्याची मान खाली नव्हती.

चाचणीत नाव न आलेल्या संध्याकाळी एसटीत बसून मी त्या प्रसंगाचा विचार केलाय, खोटं नाही सांगत. तेव्हा मी तेवीस वर्षांचा होतो.

---

स्पष्टोक्ती

जुनाखेळाडू, टोबायसचा मुद्दा मान्य. ती लढत मीही विसरलो नाही. पण कालोसचं काय? ग्रेनिंजाला इतकं वर चढवलं, ॲश आणि तो जणू एकजीव झालेले, आणि तरी ॲलेनच्या मेगा चारिझार्डसमोर पाडलं. २०१६ मध्ये तेव्हाच जिंकवून तिथेच थांबवायला हवं होतं. तो शेवट खणखणीत झाला असता.

---

जुनाखेळाडू

ते दुःख माझंही आहे. ग्रेनिंजाबद्दल बोलू नका, जखम अजून ओली आहे.

---

टोकियोकर

मी सहा वर्षं इथे आहे. शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघालो आणि ६:५५ ला टीव्हीसमोर बसलो, थेट प्रक्षेपण पाहायला. शेजारच्या घरातलं कुटुंब आमच्याकडेच आलं होतं. त्यांची मुलगी सात वर्षांची, आई माझ्या वयाची. रडली ती आई. मुलगी तिच्याकडे नवलाने बघत होती.

इथे ॲशचं नाव सातोशी. गेम ज्यांनी बनवला त्या सातोशी ताजिरींवरून. पहिला गेम फेब्रुवारी १९९६ चा. ताजिरी वाढले टोकियोच्या कडेला, माचिदाला. लहानपणी त्यांना किडे गोळा करायचा नाद. पुढे शहर वाढत गेलं, तळी आणि शेतं बुजली, किडे दिसेनासे झाले. आपण रानात जाऊन जे शोधायचो ते पुढच्या मुलांना मिळावं, ही त्या गेममागची कल्पना. माचिदाला मी एकदा मुद्दाम जाऊन आलो. आता सगळीकडे इमारती आहेत.

ॲशच्या गावाचं, म्हणजे पॅलेट टाउनचं, नाव इथे मासारा. जपानीत "मास्सारा" म्हणजे कोरंकरकरीत, काहीही न लिहिलेलं. गेममधल्या गावच्या पाटीवर लिहिलेलं असतं की मासारा पांढराशुभ्र, सुरुवातीचा रंग. आणि गंमत अशी, की इथल्या भारतीय हॉटेलांच्या मेनूवर आपला "मसाला" जपानी अक्षरांत हुबेहूब तसाच लिहितात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बायकोला म्हटलं, बघ, ॲश आपल्याच गावचा निघाला.

पाऊलखुणा, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर ह्या नावातच आहे. ज्याचं गावच कोऱ्या पाटीचं, त्याच्या पाटीवर शेवटचं अक्षर कोण लिहिणार?

आणखी एक. सातोशीचा आवाज पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच बाईंचा, रिका मात्सुमोतो. पिकाचूचा इकुए ओतानी. प्रोफेसर ओक आणि निवेदक ह्या दोघांचा आवाज उन्शो इशिझुका यांचा होता, ते २०१८ मध्ये गेले. शुक्रवारी निवेदन ऐकताना मला तोच जुना आवाज ऐकू येईल असं उगाच वाटत राहिलं.

---

वऱ्हाडी_ठेचा

मासारा = मसाला. आजपासून पॅलेट टाउनला मी अकोला तालुक्यात धरणार.

टोकियोकर, नोव्हेंबरात ॲश जिंकला तेव्हा तिकडे काय वातावरण होतं?

---

टोकियोकर

शिबुयाच्या चौकातल्या मोठ्या पडद्यांवर त्याच्या विजयाचं दृश्य लावलं होतं. शाळेच्या गणवेशातली मुलं आणि सूटबूट घातलेले नोकरदार, सगळेच फोन वर धरून उभे. बऱ्याच जणांनी लहानपणी पाहायला सुरुवात केली होती आणि आता कामावरून घरी निघाले होते.

त्या लढतीत पिकाचू उठूच शकत नाही असं वाटतं, आणि मग त्याला ॲशचे आजवरचे सगळे पोकेमॉन दिसतात. सगळे त्याला उठ म्हणतात. मला वाटतं खरा शेवट तोच होता. नंतरचे अकरा भाग म्हणजे पाहुणे निघताना अंगणात रेंगाळतात ना, तसे.

---

स्टेथोस्कोप

एक तारीख कुणाच्या लक्षात आली का? ॲशच्या निरोपाची घोषणा झाली १६ डिसेंबर २०२२ ला. बरोबर पंचवीस वर्षांपूर्वी, १६ डिसेंबर १९९७ ला, पोरिगॉन नावाच्या पोकेमॉनचा तो भाग दाखवला गेला होता.

मला पोकेमॉन आधी वैद्यकीय पाठ्यपुस्तकात भेटलं, टीव्हीवर नंतर. त्या भागात पिकाचूच्या विजेने क्षेपणास्त्रं फुटतात आणि पडद्यावर लाल-निळा प्रकाश काही सेकंद फार वेगाने, सेकंदाला साधारण बारा वेळा, लपलपतो. काही जणांच्या मेंदूला असा लपलपाट सोसत नाही आणि झटका येतो. त्या संध्याकाळी जपानभर ६८५ मुलांना रुग्णालयात नेलं. बहुतेक जण लवकर बरे झाले. मालिका चार महिने बंद होती. त्यानंतर तिथल्या वाहिन्यांनी लपलपत्या दृश्यांसाठी नियम केले. मुलांचे जपानी कार्यक्रम सुरू होताना खोलीत दिवा लावा, टीव्हीपासून लांब बसा अशी सूचना येते, तिची मुळं इथे आहेत.

मालिका तेव्हाच कायमची बंद पडू शकली असती. पहिल्याच वर्षी. आपल्यापर्यंत कार्टून नेटवर्कवर हिंदीत ती २००३ मध्ये आली, म्हणजे ती चार महिन्यांची खिंड पार केली म्हणून आली. मी हा शेवट त्या नजरेने पाहतो आणि मला तो भरभरून वाटतो.

जाता जाता: वीज पिकाचूने सोडली आणि शिक्षा भोगतोय बिचारा पोरिगॉन. त्यानंतर त्याला मालिकेत गोष्ट अशी मिळालीच नाही. हे चुकीचं झालं.

---

शेवंती

पोरिगॉनला न्याय मिळालाच पाहिजे! माझा पाठिंबा.

---

गोंयकार

मडगांवचो हांव. घरात कोंकणी, शाळेत मराठी आणि इंग्रजी, आणि हिंदी शिकलो ती पोकेमॉनकडून. पाचवीत हिंदीच्या बाईंनी "वीर" शब्द वाक्यात वापरायला सांगितला, मी चारिझार्डवर वाक्य केलं. पूर्ण गुण मिळाले.

टीम रॉकेटचं, पिकाचूला पळवायला टपलेल्या त्या तिघांचं, कुणी अजून नावच कसं घेतलं नाही?

---

खडू_फळा

मी घेणार होते, गोंयकारांनी आधी घेतलं.

जेसी आणि जेम्स यांची जपानी नावं मुसाशी आणि कोजिरो. मियामोतो मुसाशी आणि सासाकी कोजिरो हे तिथल्या इतिहासातले दोन नामांकित तलवारबहाद्दर, एकमेकांचे प्रतिस्पर्धी. त्या दोघांची नावं अशा दोघांना दिली जे एकमेकांना कधीच सोडत नाहीत. मला ही कल्पना फार आवडते. आणि मियाऊथ! त्याला बोलता का येतं ते आठवतंय? एका मांजरीवर जीव जडला, तिला माणसं आवडतात म्हणून हा रात्रंदिवस घोकून माणसाची भाषा शिकला, दोन पायांवर चालायला शिकला. आणि ती म्हणाली, आता तर तू आणखीच विचित्र झालास. मुलांच्या कार्यक्रमात एवढं दुःख कोण घालतं?

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या मते ह्या मालिकेतली सगळ्यात मोठी गोष्ट मात्र चिमचारची. पॉल नावाचा मुलगा. पोकेमॉन पकडायचा, ताकद मोजायची, कमी पडला तर सोडून द्यायचा. चिमचारमध्ये दडलेली आग बाहेर काढण्यासाठी तो त्याला थकून पडेपर्यंत राबवतो आणि आग येत नाही म्हटल्यावर टाकून देतो. ॲश त्याला घेतो. तेच पिल्लू पुढे इन्फरनेप होतं आणि सिनो लीगमध्ये पॉलच्याच इलेक्टिवायरला हरवतं. हरवतानाची ती आग तीच असते, जी पॉलला हवी होती.

दुसऱ्या शाळेतून काढलेला एक मुलगा माझ्या वर्गात आला होता. दाखल्यासोबत लोकांचे शेरेही आले, हा असा आहे, हा तसा आहे. मी त्याला पहिले दोन महिने पाढे विचारलेच नाहीत. शाळेच्या बागेचं पाणी त्याच्याकडे दिलं. हे मी कुठल्या प्रशिक्षणात शिकले नव्हते. सातवीत असताना ॲशला पाहून शिकले होते. मुलगा आता आयटीआयला आहे, दिवाळीला येऊन भेटतो.

---

रानपाखरू

खडू_फळा, बाई, तुमच्यासारख्या बाई आमच्या दादाला मिळायला हव्या होत्या.

---

चिंचगुळ

नमस्कार मंडळी. मी साठी ओलांडलेली बाई, पोकेमॉन मुलाबरोबर पाहायचे. स्वयंपाकघरातून अर्धं कानाने, अर्धं डोळ्यांनी. तुम्ही सगळे ॲशबद्दल लिहिता आहात, मी त्याच्या आईबद्दल लिहिते.

डेलिया. नवरा कधी दिसतच नाही. मुलगा दहाव्या वर्षी घराबाहेर पडला. ती त्याची पिशवी भरते आणि सगळ्यांसमोर त्याला आतल्या कपड्यांची आठवण करून देते, तो लाजतो. नंतर अधूनमधून फोन येतो. तो घरी येतो, दोन दिवस राहतो, आणि नव्या प्रदेशाचं नाव ऐकलं की पुन्हा निघतो. मी तेव्हा माझ्या मुलाला म्हणायचे, काय बाई आहे, अडवत कशी नाही?

माझा मुलगा नऊ वर्षांपूर्वी जर्मनीला गेला. विमानतळावर मी त्याला सांगितलं, जातो म्हणू नकोस, येतो म्हण. तो म्हणाला, "आई, येतो." तेव्हापासून तीनदा आला. प्रत्येक वेळी निघताना येतो म्हणूनच निघतो.

परवा रात्री त्याचा फोन. म्हणाला, आई, ॲश संपला. आवाज जड झालेला. मी विचारलं, म्हणजे काय झालं शेवटी? म्हणाला, घरी आला आणि पुन्हा निघाला. मी म्हटलं, मग संपला कुठे? आईला माहीत आहे तो कुठेतरी चालतोय. आपल्याला टीव्हीवर दिसणार नाही, एवढंच.

पाऊलखुणा, तुम्ही सरळ उत्तर मागता. मला विचाराल तर मुलं निघतात तेव्हा आईला तरी कुठे सरळ उत्तर मिळतं?

---

वऱ्हाडी_ठेचा

काकू, दंडवत. आईला आत्ताच फोन लावतो.

---

स्पष्टोक्ती

चिंचगुळताई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी अजूनही म्हणेन की मालिका २०१६ मध्ये थांबायला हवी होती. पण काल रात्री मी निरोपाचे ते भाग पाहिले. इतक्या वर्षांपूर्वी बंद केलेला टीव्ही ह्या धाग्यामुळे उघडला.

एक प्रसंग माझ्यासाठी पुरेसा होता. पिजियट, ॲशचा जुना पक्षी-पोकेमॉन. कँटोतच ॲश त्याला रानात ठेवून गेला होता, फिअरोंपासून लहान पाखरांना सांभाळायला. परत येईन म्हणाला होता. मग जोहटो झालं, होएन झालं, किती प्रदेश झाले, तो गेलाच नाही. आम्ही मित्र ह्यावर चिडायचो की लेखक विसरलेच त्याला. आणि ह्या शेवटच्या भागांत पिजियट आला. तब्बल दोन तपांनी. मी एकटाच होतो, तरी मोठ्याने म्हणालो, "आला!"

दिलेला शब्द इतक्या उशिरा का होईना, कुणीतरी पाळला. बाकीच्या माझ्या तक्रारी आज बाजूला ठेवतो.

---

बाराखडी

धागा आजच दिसला. मी तुम्हा सगळ्यांहून बरीच लहान, माझा पहिला पोकेमॉन हंगामा वाहिनीवरचा कालोसचा. मला मिस्टी कोण ते माहीतच नव्हतं, आमच्या वेळी ॲशबरोबरची मुलगी सेरेना. त्यामुळे निरोपाच्या भागांत सेरेना नाही याचं मला वाईट वाटलं. मोठ्यांना त्यांचे मिस्टी-ब्रॉक मिळाले, आमच्या वेळचं कुणी आलं नाही.

---

जुनाखेळाडू

बाराखडी, अगदी बरोबर. आमच्या आनंदात हे लक्षातच आलं नाही. सेरेना यायला हवी होती. आणि ग्रेनिंजाही. (लिहिलंच शेवटी.)

---

टोकियोकर

बाराखडी, एक सांगू? शेजारची ती सात वर्षांची मुलगी शुक्रवारी रडली नाही, कारण तिचा ॲश अलीकडचा, नव्या सोबत्याबरोबरचा, गोहबरोबरचा. ती आत्तापासून लिकोची वाट पाहतेय. इथे "साझाए-सान" १९६९ पासून दर रविवारी चालू आहे आणि त्यातलं कुणी मोठं झालेलं नाही. पोकेमॉनलाही तसं चालवता आलं असतं. नायकाला मानाने जाऊ देऊन पुढच्या मुलांना त्यांचं स्वतःचं कुणीतरी द्यायचं, ह्याला धाडस लागतं. नव्या मालिकेतही एक पिकाचू आहे, टोपी घातलेला, कॅप्टन पिकाचू. तो आपला नव्हे. म्हणजे आपला पिकाचू ॲशबरोबरच राहिला. हे त्यांनी सगळ्यात चांगलं केलं.

---

पाऊलखुणा

तीन दिवस धागा वाचतोय, उत्तर द्यायला जमलं नाही. सगळ्यांचे आभार.

माझी चुटपुट पूर्ण गेली असं नाही म्हणणार. मला अजूनही वाटतं की गॅरीने विचारल्यावर ॲशने एकदा तरी छाती काढून "झालो" म्हणायला हवं होतं. पण काल खडू_फळांचा आणि रानपाखरूंचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला, तेव्हा ती म्हणाली, तू मला इतक्या वर्षांत ह्यातलं काहीच सांगितलं नव्हतंस. मग मी तिला मागांच्या खडखडाटाचं सांगितलं. बाबा माग चालवायचे. दुपारपाळी असली की मधल्या सुट्टीत पाच मिनिटं घरी पाणी प्यायला यायचे आणि मला विचारायचे, "आज तरी जिंकला का रे तो?" मी बहुतेक वेळा नाही म्हणायचो. ते म्हणायचे, "जिंकेल," आणि परत जायचे.

बाबा २०१८ मध्ये गेले. ॲशने पहिली लीग जिंकली त्याच्या पुढच्या वर्षी. मला सांगायला कुणी नव्हतं. मला सरळ उत्तर का हवं होतं, ते बहुतेक हे असावं. लिहिता लिहिता लक्षात आलं.

---

चिंचगुळ

बाळा, त्यांना ते आधीच माहीत होतं. जिंकेल म्हणाले होते ना.

---

रानपाखरू

पाऊलखुणा 🙏

---

वऱ्हाडी_ठेचा

नोव्हेंबरातली ती लिऑनची लढत तुमच्याकडे हिंदीत लागली की इथे कळवा. मी अकोल्यात बघेन, तुम्ही इचलकरंजीत बघा. फोन चालू ठेवून बघू. लाइट गेलीच तर तुम्ही मला निकाल सांगा. टॅझो मागू नका, एवढंच.

---

शेवंती

मी पण येणार. जिग्लीपफ देते, सात आहेत.